बांगडी सांगत होती

मोठी माय धाब्यावर झोपायला यायची बंद झाली, ते साल मला पक्कं आठवतं. 1972च्या दुष्काळाआधीचा उन्हाळा. आमचं माहेर धुळ्याजवळ, पांझरेच्या काठाला. मे महिन्यात मातीचं घरसुद्धा रात्री भट्टीसारखं तापायचं. मग जेवणं झाली की गोधड्या, उशा, पाण्याचा तांब्या घेऊन सगळं घर शिडीनं धाब्यावर, घराच्या सपाट छतावर. आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. ती लुगड्याचा काष्टा आवळून, एका हातात तांब्या धरून, शिडीला फक्त दुसरा हात लावत वर यायची. त्या वर्षी तिनं ओसरीवरच बाज टाकली. "वर वारा लागस," म्हणाली. वारा लागावा म्हणून तर बाकीचे सगळे वर चालले होते! पण कोणाला काही खटकलं नाही.

खटकलं ते कासाराला. श्रावणात कानबाईच्या सणाआधी तो यायचा, ओसरीवर बसून घरातल्या सगळ्या बायकांचे हात भरायचा. मोठ्या मायचा हात म्हणजे त्याची परीक्षाच असे. अंगठ्याखालचा तो गादीसारखा भाग चेपून चेपून, तिला "हाय हाय" करायला लावत एकेक बांगडी चढे. जात्यावर पायलीभर ज्वारी दळणारा हात होता तो. त्या श्रावणात बांगडी अशीच सरकन आत गेली, चेपायची वेळच आली नाही. कासार क्षणभर थांबला. "माय, हात उतरना तुन्हा," म्हणाला, पेटीतून एक माप लहान बांगड्या काढल्या, आणि काम पुढे सुरू झालं.

आज वाटतं, त्या ओसरीवर निदान झालं होतं. उपचार मात्र एवढाच, की बांगडीचं माप बदललं.

वयाबरोबर स्नायू आटतात, त्यातून ताकद जाते, हे तेव्हाही लोक बघतच होते. पण त्याला आजार समजत नव्हते. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने 1980च्या दशकाच्या शेवटी त्याला सार्कोपेनिया हे नाव दिलं. ग्रीक शब्दांचा अर्थ काढला तर 'मांसाचं दारिद्र्य'. आमच्याकडे त्याला 'वय झालं' म्हणत, आणि या दोन शब्दांनंतर कोणी काही करायचं नसतं असा संकेत होता.

मला ते नाव गेल्या वर्षी कळलं. जळगावात आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांसाठी तपासणी होती. साखर आणि रक्तदाब बघतील एवढीच अपेक्षा होती. एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं भिंतीला टेकवून एक साधी खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "काकू, हात छातीवर दुमडून धरा, खुर्चीला हात न लावता पाच वेळा पूर्ण उभ्या राहून बसा." मोबाईलवर घड्याळ लावलं. मला वाटलं, हे काय, पाचच तर वेळा! तिसऱ्यांदा उठताना मांड्या थरथरल्या. चौदा सेकंद लागले. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 साली ठरवलेल्या निकषात बारा किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर पुढची तपासणी करावी असं म्हटलंय. मी सहासष्ट वर्षांची, रोज सकाळी मेहरूण तलावाला चक्कर मारणारी बाई, आणि नापास! आधी तर मी खुर्चीलाच दोष दिला.

त्या तपासणीच्या वर्षभर आधी जिना चढताना पाय भरून येतात म्हणून एका डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले होते, "ह्या वयात एवढं चालायचंच." म्हणजे डिग्री घेऊनही उत्तर मोठ्या मायच्या काळातलंच.

तपासणीतल्या त्या मुलीनं मग पाच प्रश्न विचारले. साडेचार किलोचं ओझं उचलून न्यायला किती त्रास होतो? खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला? पलंगावरून, खुर्चीवरून उठायला? दहा पायऱ्या चढायला? आणि वर्षभरात किती वेळा पडलात? प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, आणि बेरीज चार किंवा जास्त भरली तर सावध व्हायचं. एकेक प्रश्न ऐकताना मला माहेर दिसत होतं. साडेचार किलो? विहिरीवरून आणलेला भरला हंडा त्याच्या कितीतरी पट. दहा पायऱ्या म्हणजे धाब्याची शिडी. पंगतीत पाटावर बसायचं आणि भरल्या पोटी हात न टेकता उठायचं, याला कोणी गुण देत नव्हतं. ब्राझीलच्या क्लाउदियो जिल आराउजो या डॉक्टरांनी नेमकं तेच मोजलं. जमिनीवर बसायचं, उठायचं, आणि प्रत्येक हात-गुडघा टेकला की दहातला एक गुण कापायचा. 51 ते 80 वयाच्या दोन हजार लोकांचा त्यांचा अभ्यास 2012 साली आला. कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आमच्याकडे लग्नाच्या पंगती गेल्या, बुफे आला, म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सोय झालीच. पण कोण हात टेकून उठतंय हे दिसायची जागाही गेली.

दुसरी गोष्ट पोटरीची. मोठी माय नऊवारी नेसायची, काष्ट्यामुळे पोटऱ्या उघड्या. शेतात, विहिरीवर सगळं गाव एकमेकींच्या पोटऱ्या बघायचं आणि बाई खंगली की "पोटरी आटली" असं बोललंही जायचं. मग सहावारी आली, आता घरात गाऊन. पोटरी झाकली गेली आणि तिच्याबद्दल बोलणंही. वजनाच्या काट्यावर तर हे कळतच नाही. स्नायू गेला, त्या जागी चरबी आली, की काटा आहे तिथेच राहतो आणि आपण खूश.

त्यावर जपानी लोकांनी फार साधी युक्ती काढली आहे. तोक्योजवळच्या काशिवा शहरात 1,900च्या वर वृद्धांवर ती अजमावून पाहिली. खुर्चीवर बसायचं, दोन्ही तळवे जमिनीवर. पुढे वाकून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि जो पाय आपण कमी वापरतो, म्हणजे बहुतेकांचा डावा, त्याच्या पोटरीच्या सगळ्यांत जाड भागाभोवती ते धरायचं. दाबायचं नाही. बोटं एकमेकांना पोचलीच नाहीत तर उत्तम. बरोब्बर बसलं तर लक्ष ठेवायचं. कडं आणि पोटरी यांत फट राहिली तर काळजी. फट राहिलेल्यांमध्ये सार्कोपेनिया सापडण्याची शक्यता भरल्या पोटरीवाल्यांपेक्षा साडेसहा पटीच्या घरात निघाली. टेप असेल तर घेर मोजावा. त्याच आशियाई निकषात पुरुषांसाठी 34 आणि बायकांसाठी 33 सेंटीमीटरच्या खाली शंका घ्यायची. पायाला सूज असेल तर मात्र पोटरी खोटं बोलते, आणि गुडघेदुखीनंही उठायला वेळ लागतो. म्हणून यातली कुठलीही चाचणी शेवटचा शब्द नव्हे.

मला हे कडं बघून कासाराचीच आठवण झाली. माप घ्यायला आपल्याच बोटांची बांगडी!

जुनं सगळं सोनं होतं असं मात्र मला म्हणायचं नाही. मोठी माय सगळ्यांच्या मागून जेवायची. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असायचा, ती भाकरी गुणाचीच, पण तिच्या वाट्याला दाळ यायची ती तळाची, पाणी घालून वाढवलेली. दात गेल्यावर तर ती चहात भाकरी कुस्करून भागवायची. आपल्याकडे प्रौढांना किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वृद्धांना एक ग्रॅम किंवा थोडी जास्तच हवीत असं आता बरेच तज्ज्ञ म्हणतात. म्हातारं माणूस कमीच खातं, त्याला हलकंच द्यावं, असं समजून आम्ही तिला साबुदाणा आणि पेज देत राहिलो. जातं आधीच गेलं होतं, पिठाची गिरणी आली होती. जातं गेल्याचं दुःख मी तरी करणार नाही. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बायकांनी ओव्या गायल्या त्या हौसेनं नव्हे, झोप मोडायला. हातांना मिळणारा तो भार मात्र गेला आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही. हंडा उचलायचा नाही, हेच सुख वाटायचं. चौदा सेकंदांनंतर मी दोन किलोचे डंबेल्स आणले. सून हसली. मीही हसले, पण रोज उचलते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी गेले, तेव्हा अक्का धुळ्यातल्या देवपुरातून आली होती. माझी मोठी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची. जेवणानंतर तिला खुर्चीवर बसवलं, पोटरीभोवती तिच्याच बोटांचं कडं धरायला लावलं. फटीत माझं एक बोट सहज गेलं. अक्का पायाकडे बघत राहिली. मग हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवून दाखवत म्हणाली, "दोन वर्षं झाली, याही अशाच जातात. मला वाटलं, माप चुकलं."

तिच्या मुलानं तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. तोवर मी खुर्ची भिंतीला लावली, नातवाला शेजारी उभं केलं आणि मोबाईल काढला. दर वेळी ती उठली की बांगड्या वाजत. चौथ्यांदा उठताना तिनं नातवाच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. एकोणीस सेकंद. अक्का धापा टाकत बसली, पदरानं कपाळ पुसलं.

"ती घडी परत लाव," म्हणाली. "या वेळी चपला काढून उठते."