धाकधूक आणि घोर

खामगावच्या एका शाळेत मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवले. 'नर्व्हस' आणि 'अँक्शस' या दोन्ही शब्दांपुढे फळ्यावर मी एकच अर्थ लिहीत असे : घाबरलेला. त्या आळसाचा हिशेब उतारवयात स्वतःच्याच घरी द्यावा लागला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सौभाग्यवतींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. आदल्या रात्री त्यांचे हात गार पडले, घशाला कोरड पडली, ओसरीत येरझारा चालल्या. शस्त्रक्रिया पार पडली आणि संध्याकाळी त्यांनी आपणहून चहा मागितला. ही झाली धाकधूक. तिच्यासमोर एक प्रसंग उभा असतो. प्रसंग सरला की तीही सरते. 'नर्व्हस' ते हेच.

हिवाळ्यापासून मात्र त्या रात्री तीनला उठू लागल्या. कडी पाहायची, गॅस पाहायचा, पुन्हा कडी. मान आखडलेली, बोलणे तुटक. "अजून नर्व्हस का? ऑपरेशन तर झाले!" असे मी सात महिने म्हणत राहिलो, तेही जाणकाराच्या थाटात. अखेर डॉक्टरांनी त्यांना विचारले, "भीती कशाची वाटते?"

"कशाची ते समजलं असतं तर सांगतलं नसतं का? जिवाले घोर लागला."

घोर! 'अँक्शस' हा शब्द गळा आवळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, हे मला ठाऊक होते. त्याचा नेमका मराठी शब्द माझ्याच स्वयंपाकघरात होता, हे नव्हते. इंग्रज माणसेही बोलताना या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल करतात, हा माझा बचाव. पण तो लंगडा आहे.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड तपासले, चालू औषधे आणि चहाचे कप विचारले; कारण त्यांनीही छाती धडधडते. सहा महिने बहुतेक दिवस काळजी आवरेनाशी झाली, झोप उडाली, अंग आखडले, तर तो आजार मानून उपचार करतात. संवादाचे आणि गरजेप्रमाणे गोळ्यांचे. "वयोमानाने होतेच," हे माझे वाक्य त्यांनी पुरे होऊ दिले नाही. आपल्या गावी मनोविकारतज्ज्ञ नसतील, तर शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतही मिळते.

उपचार चालू आहेत. काल रात्रीही त्या तीनला उठल्या. मीही उठलो. कडी एकदाच पाहून झाली. मग आम्ही दोघे तुरीच्या शेंगा सोलत बसलो.