सोळा आण्यांचा ठेका

बदलीच्या नोकरीत माणूस काय काय मागे ठेवून येतो, याची यादी कोणत्याही प्रवासभत्त्याच्या बिलात मावत नाही. कपाटे, पलंग, पुस्तकांच्या पेट्या यांचे वजन करता येते आणि त्या वजनाच्या मानाने सरकार वाहतुकीचा खर्चही देते. गाण्याच्या घरातले सामान मात्र निराळे असते. तंबोऱ्याचा भोपळा प्रवासात तडकतो, तबल्याची पुडी एका गावच्या हवेत चढते आणि दुसऱ्या गावच्या हवेत उतरते. हे दुःख तरी निस्तरण्याजोगे आहे. तडकलेला भोपळा सांधता येतो, पुडी नवी घालता येते. जी वस्तू कोणत्याही मालगाडीत चढवता येत नाही ती म्हणजे साथ.

गाणाऱ्याची आणि साथीदाराची मने जुळायला दीडदोन वर्षे सहज लागतात. आमच्या खात्यात एका गावचा मुक्काम साधारण तीन वर्षांचा. जुळते न जुळते तोच हुकूम येतो. माझी पत्नी पुण्यास दहा वर्षे ख्याल शिकली. लग्नानंतर भोपाळ झाले, रायपूर झाले, कटक झाले. प्रत्येक गावी तिने नव्याने तबलजी शोधला, त्याला आपला विलंबित एकतालाचा डौल समजावून दिला, आणि तो समजला असे वाटू लागले की आम्ही सामान बांधावयास घेतले. कटक सोडताना तिने तंबोऱ्याला गवसणी घातली ती शिलाँगला येऊन काढलीच नाही. मीही त्याविषयी काही विचारले नाही. संसारात असे काही प्रश्न असतात की ते विचारल्याने मोठे होतात.

अशा घरात एक पोलिश यंत्र येऊन बसले. माझा भाचा अभियंता. फावल्या वेळात इलेक्ट्रॉनिक संगीत करण्याचा त्याला नाद. परदेशी नोकरीस निघताना त्याने आपले काही सामान आमच्याकडे ठेवले: एक लहानसा सिंथेसायझर, काही तारा, आणि एक चपटी काळी पेटी. “मामा, हे तुम्ही वापरून बघा. तुमच्या कामासारखंच आहे,” असे तो हसून म्हणाला. त्याच्या हसण्याचा अर्थ पेटी चालू केल्यावर कळला. पडद्यावर उभे रकाने, आडव्या ओळी, प्रत्येक ओळीस क्रमांक, आणि रकान्यांतून बारीक अक्षरांत आकडे. जन्मभर ज्यापासून सुटका नाही ती खतावणीच माझ्यापुढे पुन्हा उघडली होती!

या यंत्राला ट्रॅकर म्हणतात. पोलंडमधील ओल्श्टिन या गावच्या पॉलिएन्ड नावाच्या कंपनीने ते २०२० साली बाजारात आणले. सात इंची पडदा, त्याच्याखाली बोटाने दाबावयाच्या अठ्ठेचाळीस लहान गाद्या आणि कडेला एक गोल चक्र, एवढाच त्याचा थाट. त्यात आठ रकाने आहेत आणि एका रकान्यात एका वेळी एकच आवाज वाजतो. प्रत्येक घरात चार नोंदी करता येतात: कोणता स्वर, कोणत्या वाद्याचा, आणि त्यावर करावयाचे दोन संस्कार. युरोपीय स्वरलेखन डावीकडून उजवीकडे वाचतात. येथे काळ वरून खाली उतरतो. एक आडवी रेघ ओळीमागून ओळ ओलांडीत जाते आणि ज्या घरात नोंद असेल ती वाजते. तळ गाठला की पुन्हा पहिली ओळ. आपल्याकडे यालाच आवर्तन म्हणतात.

हिशेबाच्या माणसाला या मांडणीत एक जुनी ओळख भेटते. या जातीचा पहिला कार्यक्रम कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन तरुणाने १९८७ साली अमिगा नावाच्या संगणकासाठी लिहिला. त्यात एका पानाच्या ओळी चौसष्ट. चार ओळींचा एक ठोका धरण्याची रीत, म्हणजे पानात ठोके सोळा. आवाजाची पूर्ण मात्रादेखील चौसष्टच! रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, रुपयाचे चौसष्ट पैसे, हा हिशेब १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी येईपर्यंत या देशात चालत होता, आणि माझ्या वडिलांच्या तोंडी तर तो शेवटपर्यंत होता. सोळा मात्रांचा त्रिताल त्या पानावर असा बसतो, जणू त्याच्यासाठीच कागद आखला आहे. मात्रा म्हणजे आणा, ओळ म्हणजे पैसा. पहिल्या ओळीवर सम, सतराव्यावर दुसरी टाळी, तेहतिसाव्यावर काल, एकोणपन्नासाव्यावर तिसरी टाळी. नव्या यंत्रात पान एकशे अठ्ठावीस ओळींपर्यंत वाढवता येते आणि हवे तितके आखूडही करता येते. त्यामुळे झपताल चाळीस ओळींत, रूपक अठ्ठावीस ओळींत आणि दीपचंदी छप्पन्न ओळींत बिनतक्रार मावतात. विलंबित एकतालाला मी एका मात्रेस आठ ओळी देतो, म्हणजे शहाण्णव ओळी होतात.

जुन्या ट्रॅकरची लय कोठून आली हेही ऐकण्यासारखे आहे. युरोपातील दूरचित्रवाणीचा पडदा सेकंदास पन्नास वेळा रंगवला जाई. अमिगाने त्याच ठेक्याला आपले घड्याळ मानले. पडदा सहा वेळा रंगला की एक ओळ पुढे. हिशेब केला तर एका मिनिटात बरोबर एकशे पंचवीस ठोके पडतात, आणि सोळा मात्रांचे आवर्तन पावणेआठ सेकंदांच्या आत संपते. आपल्याकडे याला स्वच्छ द्रुत लय म्हणावे लागेल. हजारो तरुणांच्या संगीताची लय ही अशी एका यंत्राच्या पापणीच्या लवण्यावरून ठरली!

परंतु मला त्याहून मोठी वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. त्या जुन्या ट्रॅकरवर रचलेली चीज ज्या स्वरूपात हातोहाती जाई, त्यात गाणे आणि गाण्याचा कागद वेगळे नसत. वाद्यांचे आवाज आणि सारी नोंद एकाच पुडक्यात बांधलेली असे. ज्याने ऐकले त्याला ते उघडून, कोणता स्वर कोठे ठेवला हे वाचता येई. फिनलंड, स्वीडन, जर्मनी, पोलंड येथील मुलांनी अशी विद्या एकमेकांच्या वह्या वाचून मिळवली. ज्या संगणककलेच्या वर्तुळात हे सारे वाढले, तिला फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली आपल्या जिवंत वारशाच्या यादीत स्थान दिले.

हे वाचताना विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण होणे अपरिहार्य होते. चीज दडवून ठेवणे हीच ज्या काळी घराण्याची तिजोरी होती, त्या काळी मुंबईचा हा वकील गावोगाव हिंडला, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि त्या रकान्यांत मांडून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. समेला फुली, कालाला शून्य, टाळ्यांना आकडे. ती पाने आणि माझ्या पुढ्यातला पडदा यांत फरक एवढाच, की एक आडवे आहे आणि दुसरे उभे. भातखंड्यांचे १९२६ चे विद्यालय लखनौस निघाले. त्यांच्या आधी विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली आपले गांधर्व महाविद्यालय लाहोरास काढले होते. घरापासून दूर गेलेल्या मराठी माणसांनी गाणे कागदावर उतरवण्याचा ध्यास घ्यावा, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. ज्याच्या गुरुजींचे घर चार पावलांवर आहे त्याला वहीची निकड नसते.

तर मी कामाला लागलो. माझे एक बंगाली सहकारी उत्तम तबला वाजवीत. एका रविवारी त्यांनी एकेक बोल सुटा वाजवून दिला आणि मी तो यंत्रात भरून घेतला. यंत्राची स्मृती दोन मिनिटांहून थोडी अधिक, परंतु सुट्या बोलांना ती पुष्कळ झाली. पुढे तीन महिन्यांत त्यांची बदली आगरतळ्यास झाली. त्यांचे हात मात्र माझ्या टेबलावर राहिले. बोल रकान्यांत बसवताना एक नियम लवकरच ध्यानात येतो. एका रकान्यात नवा बोल आला की आधीचा तत्काळ तुटतो. डग्ग्याची घुमक चाटेवरच्या ‘ना’खालून वाहावी असे वाटत असेल तर दोघांस वेगळी घरे द्यावी लागतात. शिवाय तबलजीचा हात ओळीवर तंतोतंत पडत नसतो. तो केसभर मागे रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्यातच त्याचा स्वभाव असतो. ओळीच्या पोटात बोल किंचित सरकवण्याची सोय यंत्रात आहे. मी कित्येक रात्री तीत घालवल्या.

लेहऱ्यासाठी भाच्याचा सिंथेसायझर तारेने जोडला. हे दोघे ज्या भाषेत बोलतात तिला मिडी म्हणतात. ती १९८३ सालापासून रूढ आहे आणि आमच्या लोकांस समजावयास सर्वांत सोपी आहे. कारण तीत आवाज मुळीच जात नाही, फक्त परिपत्रक जाते! अमुक स्वर, शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत अमुक जोराने, आता सुरू करा, आता थांबवा. वाजवायचे कसे हे ज्याचे त्याने आपल्या वकुबाप्रमाणे पाहावे. मुख्य कचेरीचे एकच वाक्य वेगवेगळ्या जिल्ह्यांत कसे वेगवेगळे वाजते, याचा अनुभव ज्याला आहे त्याला मिडी शिकवावी लागत नाही.

आठवडाभराने एकतालाचा ठेका सिद्ध झाला. पत्नी दाराशी उभी राहून दोन आवर्तने ऐकत होती. मग म्हणाली, “अहो, हात स्वच्छ आहे हो. पण हा तुमचा तबलजी ऐकत नाही. नुसता वाजवतो.” आणि आत निघून गेली.

या टीकेला उत्तर नव्हते. यंत्राला सम ठाऊक असते, पण समेची वाट पाहणे ठाऊक नसते. गाणारा आलापाच्या एखाद्या वळणावर घुटमळला तर त्याच्या घुटमळण्याला जागा करून देणे, तो समेकडे धावत आला तर हात पुढे करणे, हे रकान्यात कोठे लिहावे? अमुक बोल शंभरातून साठ वेळाच वाजावा अशी सूचना देता येते, पण लहर म्हणजे लक्ष नव्हे. मग चरणजित सिंग यांची आठवण झाली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ साली मुंबईत जपानी तालयंत्रे आणि सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणाच्या कानी पडली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या जाणकारांनी तिची दखल घेतली. त्या तबकडीत त्यांनी यंत्राला तबला होण्याची सक्ती केलेली नाही. यंत्र यंत्रासारखे चालते आणि राग त्यावरून आपल्या वाटेने जातो.

मी तबल्याचे बहुतेक बोल पुसून टाकले. समेवर डग्ग्याची एक घुमक ठेवली, टाळ्यांच्या जागी पितळी पातेल्याच्या काठाचा हलका नाद ठेवला, आणि कालाच्या जागा मोकळ्या सोडल्या. एक रकाना पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाला दिला. शिलाँगला तो आवाज वर्षाचे कित्येक महिने फुकट मिळतो. पान मी म्हणेपर्यंत फिरत राहते, आणि वाजत असतानाच कोणताही रकाना गप्प करता येतो वा जागा करता येतो. तेव्हा ऐकण्याचे काम मी पत्करले. ती घुटमळली तर मी पाऊस तेवढा राहू देईन, समेकडे निघाली तर पातेले जागे करीन. वाजवण्याचे काम यंत्राचे, कान देण्याचे माझे.

हे मी तिला सांगितले नाही. रोज संध्याकाळी पान फिरत ठेवून मी बाजूला बसू लागलो. दहाबारा दिवसांनी स्वयंपाकघरातून यमनाचा निषाद ऐकू आला. तो बराच वेळ लागून राहिला. पावसाखेरीज सारे रकाने मी गप्प केले. पहिली सम चुकली, दुसरी मिळाली, आणि तिसऱ्या आवर्तनाला ती हात पुसत बाहेर येऊन बसली. गवसणी काढण्याचे काम त्या रात्री माझ्याकडे आले. पाच वर्षे झाली होती.

आवाज बसलेला होता, दम कमी झालेला होता, आणि मींड पूर्वीच्या हक्काने येत नव्हती. मात्र रागाचा रस्ता ती तसूभरही विसरली नव्हती. हे कसे घडले असेल याचा विचार करताना मला या खतावणीतला एक नियम आठवतो. आमच्या कचेरीत नोंदवहीतली कोरी जागा तशीच सोडण्याची मुभा नाही. तिच्यावर तिरकी रेघ मारावी लागते, नाहीतर मागाहून कोणी काही घुसडील अशी धास्ती. ट्रॅकरमध्ये कोऱ्या घराचा अर्थ अगदी उलट आहे. कोरे घर म्हणजे शांतता नव्हे. आधीचा स्वर चालू आहे, त्याच्यात जितका दम असेल तितका तो वाहील, असा त्याचा अर्थ. थांबवायचे असेल तर ‘थांब’ असे स्पष्ट लिहावे लागते. पानातली पुष्कळशी घरे कोरीच असतात आणि संगीत त्यांच्यातूनच पुढे सरकते.

बदलीच्या वर्षांचा हिशेब मांडताना आपण फार लवकर तिरकी रेघ मारतो. अमुक गावी मन रमले नाही, तमुक गावी गाणे सुटले, फलाण्या गावची तीन वर्षे फुकट गेली. तेथे ‘थांब’ असे खरोखर कोणी लिहिले होते काय, हे एकदा निरखून पाहावे. पुढच्या उन्हाळ्यात आमची पुन्हा बदली आहे. कोठे ते अजून कळलेले नाही. पेटी लहान आहे, हातातल्या पिशवीत मावते. त्या गावीही पत्र्याचे छप्पर असावे, एवढीच पत्नीची अट आहे.