उन्हाळी लागली, एवढेच?

आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये लांब टेबलावर पाण्याच्या सहा बाटल्या ओळीने उभ्या असतात. सकाळी घरून भरून आणलेल्या. शाळा सुटताना पाहावे तर बहुतेकींचे पाणी चार बोटे खाली गेलेले, बस्स. वर्गात आम्ही मूत्रपिंडाची आकृती काढून देतो, भरपूर पाणी प्या म्हणून मुलींना बजावतो, आणि स्वतः मात्र ओठ ओले करून दिवस काढतो. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. आम्हा शिक्षिकांना एकच स्वच्छतागृह, त्याची कडी कित्येक वर्षे मोडलेली, आणि तिकडे जायची वाट मोठ्या मुलांच्या वर्गांसमोरून. पाणीच प्यायले नाही तर जावे लागणार नाही, असा आमचा साधा हिशेब.

दुसरा हिशेब आपल्या भगिनींना न सांगताच कळेल. जोहरचा वुजू असरपर्यंत टिकावा म्हणून दाबून धरायचे. हाजत असताना ती दाबून नमाजला उभे राहणे मकरूह आहे, हे दीनियातच्या तासाला शिकवतो ते आम्हीच!

2022 चा रमजान एप्रिलमध्ये आला. सोलापूरचा एप्रिल कसा असतो ते इथे राहणाऱ्यांना विचारा. शाळा सकाळची होती, तरी घरी पोहोचेपर्यंत घशाला कोरड पडायची. पहिल्याच अशऱ्यात गणिताच्या आपा हळूच म्हणाल्या, “मला उन्हाळी लागलीय.” इतिहासाच्या आपा म्हणाल्या, “मलाही.” मोठ्या आपा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली. मग नुस्ख्यांची बरसात झाली. कुणी रात्रभर भिजवलेल्या धन्यांचे पाणी सांगितले, कुणी सब्जा, कुणी जवाचे पाणी. सेहरीला दोन ग्लास जास्त प्यायचे ठरले आणि विषय मिटला. (त्या तिघींपैकी हे लिहिणारी कोणती, ते कृपया विचारू नये.)

उन्हाळी हा शब्द तसा सोयीचा. लाज न वाटता चार जणींत बोलता येतो. पण तो फक्त दुखणे सांगतो, कारण सांगत नाही. आमच्या तिघींची तक्रार एकच होती. तपासणी झाल्यावर कारणे तीन निघाली.

गणिताच्या आपांना दर पंधरा मिनिटांनी जावेसे वाटे, गेल्यावर चार थेंब, आणि शेवटच्या थेंबाला आग. लघवी गढूळ, ओटीपोटात ठणका. घरात मिस्टरांच्या जुन्या दुखण्याच्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्या होत्या, त्यातल्या दोन दिवस घेतल्या. बरे वाटले, सोडून दिल्या. आठवड्यात दुखणे दुप्पट होऊन परतले. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवीची साधी तपासणी केली. तीत पस सेल्स, म्हणजे पू-पेशी, भरपूर. मग कल्चर करायला सांगितले. त्यात लघवीतले जंतू वाढवून पाहतात, कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो ते कळते. रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. आधीच गोळ्या खाल्लेल्या असल्या तर जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. म्हणून नमुना गोळी घेण्याआधी द्यायचा. तो कसा द्यायचा हेही आम्हाला या वयात कळले. जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची आणि डबी लगेच लॅबमध्ये पोहोचवायची. आम्ही तोवर घरच्या धुतलेल्या बाटलीतून नमुना नेत होतो!

असा संसर्ग बहुतेक वेळा आपल्याच आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूने होतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. शिवाय बाईचा मार्ग शौचाच्या जागेजवळ. म्हणून जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. तहारत करताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा आमची एक तरुण शिक्षिका म्हणाली, “हे आम्हाला अम्मीने का नाही सांगितलं?” अम्मीला तरी कुणी सांगितले होते? गणिताच्या आपांचे उरलेले रोजे त्या वर्षी सुटले. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. हिवाळ्यात त्यांनी कजा पूर्ण केल्या.

इतिहासाच्या आपांची गोष्ट वेगळी. कळ कमरेच्या एका बाजूने निघून जांघेत उतरायची, एकदा लघवी गुलाबीसर झाली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी खडा दिसला. खडा मूत्राशयाजवळ येऊन अडकला की जळजळ अगदी संसर्गासारखीच होते. खडा लहान होता. औषधाने आणि पाण्याने पडून गेला. धन्याच्या पाण्याने पडला असे त्यांच्या सासूबाई अजून सांगतात, आम्ही वाद घालत नाही.

मोठ्या आपांच्या लघवीत पू-पेशी नव्हत्याच. त्यांना दोन डॉक्टरांनी विचारले, दोन्ही वेळा त्या “जळजळ होते” यापलीकडे बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतले आणि विचारले, “आग आत होते की बाहेर, लघवी कातडीला लागल्यावर?” आपा म्हणाल्या, बाहेर. आणि खाजही सुटते. हा बुरशीचा संसर्ग निघाला. रिपोर्टमध्ये पू नसला तरी साखर होती. रक्त तपासले, मधुमेह होता. तो किती वर्षांचा होता अल्लाह जाणे. एवढे एक वाक्य बोलायला त्यांना तीन महिने लागले होते.

कारणे एवढ्यावर संपत नाहीत. पाळी गेल्यावर कोरडेपणाने जळजळ होते, तिला वेगळे औषध आहे. काही संसर्ग पतीपत्नीत एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तिथे दोघांनीही उपचार घ्यावे लागतात, एकट्या बाईने गोळ्या खाऊन भागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांना प्रोस्टेट वाढल्याने त्रास होतो, आणि ते तर आपल्यापेक्षाही गप्प बसतात. लघवीत पू-पेशी सारख्या दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असे झाले तर डॉक्टर मूत्रमार्गाच्या क्षयाचीही शंका घेतात. गरोदर बहिणींनी तर जळजळ नसली तरी लघवी तपासून घ्यावी.

हे सगळे कळून आम्ही शहाण्या झालो, असे आम्हाला वाटत होते.

जुलैत सातवीतली एक मुलगी तासाला पुन्हा पुन्हा हात वर करू लागली. “आपा, जाऊ?” आम्ही म्हणायचो, आत्ताच तर सुट्टी झाली, बस खाली. पहिल्या तासाला एकीने सांगितले, तिसऱ्याला दुसरीने, पाचव्याला तिसरीने. प्रत्येकीला वाटले, आपण एकदाच नाही म्हटले. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. थंडी वाजून ताप, उलट्या, पाठीत बरगडीखाली दुखणे. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. पाच दिवस ती दवाखान्यात होती, शिरेतून औषध चालू होते. जळजळीबरोबर ताप, थंडी, पाठदुखी किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, हे आम्हाला एप्रिलपासून माहीत होते.

आम्ही भेटायला गेलो. तिची अम्मी आमच्यावर रागावली नाही, उलट खुर्च्या पुसून दिल्या. म्हणाली, “ही घरून पाणी पिऊन निघतच नाही. म्हणते, शाळेत मुलींच्या बाथरूमला पाणी नसतं. दुखतं म्हणाली तेव्हा मीच म्हटलं, उन्हाळी असेल.” पावसाळ्यात कसली उन्हाळी, हे तिला विचारायची आमची हिंमत झाली नाही. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. येताना रिक्षात कुणी बोलले नाही.

त्या महिन्यात आम्ही सहा जणींनी वर्गणी काढली. नळदुरुस्तीवाला बोलावला, दोन्हीकडे कड्या बसवल्या. अर्ज तर आम्ही आधीही केले होते, त्यांची फाइल जाड आहे. केरळच्या शाळांत 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाली होती, ते मोठ्या आपांनी कुठेतरी वाचले होते. त्यांनी शिपायाला सांगून दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर घंटा सुरू केली. काही पुरुष सहकारी कुरकुरले, तास बुडतो म्हणाले.

ती मुलगी परत आली त्या दिवशी तिसरा तास गणिताचा होता. तिने हात अर्धाच वर केला आणि खाली घेतला. आपांनी फळ्यावरचा खडू थांबवला आणि मानेने दाराकडे खूण केली. ती बाहेर पडते न पडते तोच मागच्या बाकांवरून आणखी चार हात वर झाले.