आढ्याखालची भिंत

आमचे घर सह्याद्रीच्या उतारावर. वाटणीत नेमकी आढ्याखाली मातीची भिंत आली. पुढची पाखी माझी, मागची धाकट्याची. मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी शाकारणी करावी लागते. कौले उतरवायची, वाळवी लागलेल्या रिपा बदलायच्या, मग खालून वर कौले रचत न्यायची. आढ्यावरची शेवटी बसतात. ती कुणी बसवायची, यावरून आम्हां भावांत तीन वर्षे अबोला.

त्या वर्षी आढे तसेच टाकून ज्येष्ठ वद्य अष्टमीला मी आळंदीहून माउलींसोबत निघालो. सर आली की मुखी नाम, पण मन भिंतीत मुरणाऱ्या पाण्यापाशी.

बारस सोडून एस.टी.ने घरी आलो. आढे नीट बसलेले, माझ्या गोठ्यातले शेणही काढलेले.

“दादा, भिंत पडली असती,” धाकटा एवढेच म्हणाला.

जनाबाईंचे दळणकांडण मी कीर्तनात कितीदा ऐकले असेल! घरी मात्र कौल उचलायला हात पुढे झाला नाही. त्याच्या पाया पडलो. त्याने मध्येच धरले.

आता मृगाआधी तो आढ्यावर बसतो, मी शिडीवरून कौले देतो. नाम दोघांच्याही मुखी असते.