उसनी हवा

हवेसारखी फुकट मिळणारी वस्तू जगात दुसरी नाही. पण सायकलीच्या चाकातून ती निघून गेली, की तिचे मोल कळते. भर उन्हात, गावापासून दोन कोसांवर, बसलेले चाक ढकलीत चालणाऱ्या माणसाला विचारून पाहा. जिने आपल्याला वाहून न्यावयाचे, तिलाच आपण वाहून नेण्याची पाळी येते!

१८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेल्या रबरी धावा बसविल्या. तेव्हापासून सायकलस्वारांची हाडे खिळखिळी होणे थांबले आणि पंक्चरची कटकट सुरू झाली. त्या कटकटीवर उपाय म्हणून पंप सायकलीच्या दांडीला येऊन बिलगला.

आता या जुन्या सोबत्याला एक प्रतिस्पर्धी भेटला आहे. अंगठ्याएवढी एक पोलादी कुपी. तिच्यात १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू दाबून भरलेला असतो. सोड्याच्या बाटलीत फसफसतो, तोच हा वायू. साध्या उष्णतामानात याच्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे साठपट दाब दिला, की त्याचा द्रव होतो. म्हणूनच मोकळा सोडल्यास आठ-नऊ लिटर जागा व्यापील एवढा वायू त्या चिमुकल्या कुपीत मावतो. कुपीवर एक छोटी तोटी फिरवून बसविली, म्हणजे तोटीतील सुई कुपीचे तोंड भेदते. मग तोटी व्हॉल्व्हला लावून उघडावी. पाच-सहा आकडे मोजावेत, तोच चाक टणक होते!

गेल्या हिवाळ्यात मी व माझा नातू सायकलींवरून सिंहगडाच्या पायथ्याकडे निघालो होतो. वाटेत त्याच्या चाकात काटा शिरला. त्याच्या पिशवीत अशा दोन कुप्या होत्या. “आजोबा, आता पाहा हं गंमत!” असे म्हणत त्याने ट्यूब बदलली, कुपी लावली आणि विजयी मुद्रेने तो सायकलीवर बसला. जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असू, तोच चाक पुन्हा बसले. शिकणाऱ्याच्या हातातील काम काढून घेऊ नये, असे मला वाटते. म्हणून मी झाडाखाली बसून पाहत राहिलो. या वेळी त्याने टायरच्या आतून बोट फिरविले आणि बाभळीचा काटा शोधून काढला. ट्यूबला ठिगळही नीट लावले. पण घाईत तोटी वाकडी बसली आणि दुसरी कुपी ‘फुस्स’ करून रस्त्यावरच रिकामी झाली.

मी माझ्या सायकलीचा पंप त्याच्या हाती दिला. तो घामाघूम होईपर्यंत हवा भरीत राहिला. मधेच पंपाच्या तळाला हात लागून तो दचकला. “आजोबा, हा तापला! आणि ती कुपी तर बर्फासारखी गार पडली होती. असे का?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. हवा दाबली, की ती तापते. उलट, दाबून भरलेल्या द्रवाचा वायू होऊन तो पसरू लागला, की तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. म्हणूनच कुपीवर दव गोठते आणि ती उघड्या हाताने न धरता तिच्यावर जाड आवरण चढवावे लागते. मी म्हणालो, “पंप तापला, तो तुझ्या श्रमांनी. कुपीसाठीही कोणी तरी श्रम केलेच आहेत; पण ते कुठल्याशा कारखान्यात, तुझ्या आधी. तू ते उसने आणलेस.”

इतक्यात एक दूधवाला सायकल ढकलीत आला. “बाळा, जरा पंप देतोस का?” त्याने विचारले. माझ्या नातवाने पंप दिला तर खराच. पण त्याची किटली धरून ठेवायला सांगून हवाही स्वतःच भरली. दूधवाला निघून गेला. पंपातले मात्र काहीच उणे झाले नव्हते.

कुपीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. शर्यतीत, अंधारात किंवा मुसळधार पावसात तिच्यासारखी उपयोगी वस्तू नाही. पण तिचे स्वरूप ओळखून असावे. ती एकदाच उपयोगी पडते. तापत्या उन्हात तिच्यातील दाब वाढतो, म्हणून तिला जपावे लागते. शिवाय तिने भरलेले चाक फार काळ टणक राहत नाही. हा वायू रबरात सहज विरघळतो आणि साध्या हवेपेक्षा पुष्कळच लवकर बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत चाक मऊ पडते. म्हणून जाणते सायकलस्वार घरी पोहोचले, की तो वायू सोडून देऊन पंपाने हवा भरतात. उसने आणलेले अडचण निभावून नेते. पुढची वाट आपल्याच दंडातील बळावर चालावी लागते.

माझा नातू आता कुपी व पंप दोन्ही बरोबर ठेवतो. कुपी त्याच्या घाईसाठी आहे. पंप त्याच्यासाठी आहे, आणि वाटेत भेटणाऱ्या आणखी कोणासाठीही.