सहा म्हणजे सहा

मागच्या दिवाळीत लेस्टरहून दादाचा फोन आला. फराळ पोचला, चकल्या थोड्या मोडल्या, एवढे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "येत्या मे महिन्यात सगळे इकडे या. आईलाही आणा. आपण एक नाव भाड्याने घेऊ आणि कालव्यातून फिरू. नावेतच राहायचे, नावेतच स्वयंपाक करायचा आणि नाव आपली आपणच चालवायची."

फोन स्पीकरवर होता. आई झोपाळ्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "कॅनालमध्ये? कॅनालमध्ये कोणी नाव घालतं का?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आम्हा करजणच्या लोकांना कालवा म्हणजे नर्मदेचा कॅनाल एवढेच ठाऊक. मुख्य कालवा केवडियाजवळून निघून 458 किलोमीटरवर राजस्थानच्या हद्दीला पोचतो. त्याच्या शाखांमुळे आमच्या काळ्या जमिनीतल्या कपाशीला आणि तुरीला पाणी मिळते. पण त्याचे काठ सिमेंटचे, उतरते आणि निसरडे. आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. म्हणून मुलांना आम्ही एकच धडा दिला आहे, कॅनालच्या काठावर जायचे नाही. आणि आता काका त्यांना कॅनालमध्येच राहायला बोलावत होता!

इंग्लंडमधले कालवे शेतीसाठी खणलेले नाहीत, हे मला दादाकडून कळले. ते खणले मालवाहतुकीसाठी. रेल्वे येण्यापूर्वी तिकडचा कोळसा, चिनी माती, लोखंड नावांतून जात असे. काठाने एक पायवाट असे. त्या वाटेवरून घोडा चाले आणि दोराने नाव ओढी. पाण्यावर ओझे हलके होते, त्यामुळे एकच घोडा पंचवीस टनांच्या आसपास माल ओढू शके. पुढे रेल्वे आली, मग रस्ते आले, आणि कालवे ओस पडू लागले. 1944 साली टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने आपल्या नावेतल्या प्रवासावर ‘नॅरो बोट’ नावाचे पुस्तक लिहिले. लोकांचे लक्ष पुन्हा कालव्यांकडे वळायला त्या पुस्तकाची मोठी मदत झाली. आज त्याच कालव्यांत कुटुंबे सुट्टीसाठी नावा घेऊन फिरतात.

या नावांना म्हणतात नॅरोबोट. लांबी सत्तर फुटांपर्यंत, आणि रुंदी जेमतेम सात फूट! म्हणजे लांबीला रेल्वेच्या डब्याजवळ जाणारी आणि रुंदीला आपल्या एस.टी.पेक्षाही कमी. चिरंजीवांनी विचारले, "एवढी अरुंद का?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला करजणच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

मुलांनो, आपल्या मियागाम-करजण स्टेशनाचे नाव रेल्वेच्या इतिहासात आहे. 1862 साली खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात डभोई ते मियागाम ही सुमारे 32 किलोमीटरची लोहमार्गाची वाट सुरू झाली. भारतातली ती पहिली नॅरोगेज. रूळ इतके हलके होते की त्यांवर इंजिन चालवणे जमेना, म्हणून सुरुवातीला गाडीला बैल जोडले जात. 1873 पासून, रूळ बदलल्यावर, इंजिने नियमित धावू लागली. रुळांमधले अंतर अडीच फूट. का? तर कमी जागा, कमी लोखंड, कमी खर्च.

इंग्लंडमध्येही तेच झाले. 1766 साली जेम्स ब्रिंडली या इंजिनियरने ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा खणायला घेतला. वाटेत टेकडी आडवी आली. तिच्याखालून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता. बोगदा रुंद केला तर खर्च आवाक्याबाहेर जाणार, म्हणून त्याने सात फुटांचे माप धरले. मग नावाही त्याच मापाच्या झाल्या. आमच्याकडे बैल, त्यांच्याकडे घोडा. आमचा अडीच फुटांचा रूळ, त्यांचा सात फुटांचा कालवा. हे ऐकल्यावर आईलाही ते कालवे थोडे ओळखीचे वाटू लागले. लहानपणी छोट्या गाडीत बसवून तिनेच आम्हाला फिरवले होते.

पण सौ. गप्प होती. रात्री तिने एवढेच विचारले, "हरणीनंतर पुन्हा नाव?"

18 जानेवारी 2024 चा तो दिवस वडोदऱ्यात कोणी विसरलेले नाही. हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. 12 मुले आणि 2 शिक्षिका परत आल्या नाहीत. नावेत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. माझी लेक तेव्हा पाचवीत होती. पुढे कितीतरी दिवस ती रात्री दिवा मालवू देत नसे. सहलीच्या संमतिपत्रावर आम्हा पालकांच्या सह्या असतात. तशाच सह्या त्या पालकांनीही केल्या असतील, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

तरीही मी सौ.ला म्हणालो, "तिथे सगळे नियमाने असते." माझ्या बोलण्यात किती दम होता ते पुढच्याच महिन्यात कळले.

मुलांची पाण्याची भीती थोडी जावी म्हणून एका रविवारी आम्ही नर्मदेच्या एका घाटावर गेलो. नाव लागलेली होती. आम्ही चढणार एवढ्यात लेक थांबली आणि मोठ्याने मोजू लागली. माणसे सोळा, जॅकेटे सहा. नावाडी हसून म्हणाला, "हजु बे जण आवी जशे, बेसो ने!" आणखी दोघे सहज मावतील म्हणे! मीही हसलो. लेकीला म्हणालो, "चल गं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. एवढी माणसे रोज जातात." ती म्हणाली, "मी नाही बसणार." मागे लोक खोळंबले होते. कोणीतरी म्हणाले, "बेबीला भीती वाटते." खरे सांगायचे तर मला तिचा रागच आला होता. चार लोकांत आपली शोभा होते आहे असे वाटले.

आम्ही बसलो नाही. नाव गेली आणि सुखरूप परतही आली. परत आलेली नाव बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, ‘बघ, काही झाले का?’ तो विचार तोंडावर येता येता थांबला, आणि मलाच माझी लाज वाटली. ‘काही होत नाही’ असे म्हणणारा मीही त्या सोळा जणांतलाच होतो. हरणीच्या वेळी मी मेणबत्ती घेऊन उभा होतो, पण नावेत चढताना मोजायला मी शिकलो नव्हतो. माझी लेक शिकली होती. घरी येताना गाडीत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही मोजा, मी बघते."

त्यानंतर आमच्या सहलीची आखणी खऱ्या अर्थाने सुरू झाली, आणि तिची सूत्रे लेकीकडे गेली.

पहिला प्रश्न कालवा कोणता? दादाच्या मनात वेल्समधला लँगोलेन कालवा होता. तिथे थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी 1805 साली पुरा केलेला पाँटकसिल्टे नावाचा पूल आहे. लोखंडाच्या पन्हाळीतून कालवा 307 मीटर हवेतून जातो, दरीपासून 38 मीटर उंच! युनेस्कोच्या यादीत आहे. फोटो पाहून चिरंजीव नाचू लागले. पण त्या पुलावर पायवाटेच्या बाजूला कठडा आहे आणि नावेच्या बाजूला नाही. सौ.ने फोटो पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. पहिल्याच खेपेला तो नको, असे ठरले.

मग दादाने लेस्टरशायरमधला अ‍ॅश्बी कालवा सुचवला. 1804 सालचा, कोळशासाठीच खणलेला. त्याचा आज वापरात असलेला भाग 22 मैलांचा, म्हणजे साधारण 35 किलोमीटरचा. तो टेकड्यांना वळसे घालत एकाच पातळीवर खणला आहे, त्यामुळे त्या सबंध लांबीत चढउताराची लॉक नाहीत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही बाजूंनी दारे असलेल्या हौदात नाव घ्यायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे, की नाव वर चढते किंवा खाली उतरते. बघायला मजेचे, पण नवशिक्यांनी जपून राहावे असे. शिवाय अ‍ॅश्बीच्या काठाजवळच बॉसवर्थचे रणांगण आहे. 1485 साली तिसरा रिचर्ड राजा तिथे लढाईत पडला. त्याची हाडे 2012 साली लेस्टरमध्ये एका मोटार उभ्या करण्याच्या जागेखाली सापडली. हे ऐकल्यावर चिरंजीव पूल विसरले.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. नाव चालते माणसाच्या चालीने. कालवा उथळ, त्यामुळे तासाला अडीच मैल धरायचे. लेकीने वहीत मांडले, 22 भागिले अडीच म्हणजे जवळजवळ नऊ तास, जाऊन येऊन अठरा. आई म्हणाली, "मग उतरायचं कधी? मला काय नुसतं बसायला नेताय?" म्हणून सगळा कालवा करायचा नाही, रणांगणापर्यंत जायचे आणि फिरायचे असे ठरले. फिरणेही सोपे नाही. साठ फुटांची नाव सात-आठ मीटरच्या कालव्यात कुठेही वळत नाही, त्यासाठी ठिकठिकाणी काठ खणून रुंद केलेल्या जागा असतात. त्या नकाशावर खुणा करून ठेवल्या.

आईचे प्रश्न सर्वांत उपयोगी ठरले. पिण्याचे पाणी? नावेत टाकी असते, वाटेत नळावर भरायची. गॅस? आहे, म्हणजे भाजणीचे थालीपीठ होईल. संडास? आहे, पण त्याचीही टाकी असते आणि ती ठरलेल्या जागीच रिकामी करावी लागते. "ते काम दोघा भावांचं," आईने निकाल दिला.

तिसरा प्रश्न मात्र घरातल्या घरात अडला. आम्ही माणसे सात आणि दादाने पाहिलेली नाव सहा जणांची. मी म्हणालो, "धाकटा झोपेल की आईच्या कुशीत." बोलून गेलो आणि लेकीकडे पाहिले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, सहा म्हणजे सहा."

आई म्हणाली, "मी घरीच राहीन. तुम्ही जाऊन या." ते कोणालाच मान्य होईना. अखेर आठ जणांची मोठी नाव घ्यायची, आणि पैशांचा मेळ बसावा म्हणून चारऐवजी तीनच रात्री राहायचे, असे ठरले. एक रात्र गेली, पण एकाही माणसाला वगळावे लागले नाही.

तिकडे भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही, निघण्याआधी सगळे शिकवून देतात. तरी लेकीने दादाकडून माहिती घेऊन आपले नियम वहीत लिहिले आहेत. तिच्या परवानगीने इथे देतो.

1. जेवढ्या जागा तेवढीच माणसे. मांडीवरचे बाळही माणूसच.
2. लाइफ जॅकेट मोजून आणि ज्याच्या त्याच्या मापाचे घ्यायचे. ते अंगात घालायचे, उशाखाली ठेवायचे नाही.
3. नाव काठाला लागताना मध्ये हात-पाय घालायचा नाही. नावेचे वजन कित्येक टन असते.
4. कोणी पाण्यात पडले तर आधी इंजिन न्यूट्रलमध्ये टाकायचे, म्हणजे पंखा थांबतो. मग दोर किंवा रिंग फेकायची. मागून उडी मारायची नाही.
5. अंधार पडायच्या आत नाव बांधायची.
6. कोणीही ‘नको’ म्हटले तर थांबायचे. कारण नंतर विचारायचे.

सहावा नियम नावेच्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता, तो तिने घाटावरून आणला.

दोन्ही मुले आता पोहायला शिकत आहेत, आणि त्यांच्याबरोबर मीही. चिरंजीव माझ्या आधी पोहू लागले. मी अजून काठाचा दांडा सोडलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. सौ. रोज काठावर उभी राहून बघते. परवा ती स्वतःहून म्हणाली, "मलाही नाव घालायला हवं होतं." पोहायच्या वर्गात की नावेच्या यादीत, हे मी विचारले नाही. दोन्हीकडे घातले.

आई दर गुरुवारी आमच्या तालुक्यातल्या नारेश्वरला जाते. रंग अवधूत महाराजांचे दर्शन झाले की नर्मदेकाठी थोडा वेळ बसते. गेल्या गुरुवारी मी बरोबर होतो. मी विचारले, "आई, खरंच येशील ना? भीती नाही ना वाटत?" ती पाण्याकडे बघत म्हणाली, "पाण्याची भीती असावीच रे. मोजणारं कोणी बरोबर असलं म्हणजे झालं."

आम्ही अजून गेलेलो नाही. व्हिसाचे सोपस्कार चालू आहेत. जाऊन आल्यावर मुले त्यांच्या गमती इथे लिहितीलच. पण एक गोष्ट परत येईपर्यंत थांबू नये असे वाटले, म्हणून हा लेख.

विश्वस्त मंडळाला आणि शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे की, यापुढे आपल्या शाळेच्या प्रत्येक सहलीत, मग ती पाण्याची असो, बसची असो की पाळण्याची, मोजण्याचे काम दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे. जागा किती, माणसे किती, हे त्यांनी मोठ्याने सांगावे. आकडा जुळला नाही तर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा, आणि तसे म्हणणाऱ्या मुलाला कोणी भित्रे म्हणू नये. पालकांनो, तुम्हीही म्हणू नका. मी एकदा मनातल्या मनात म्हणून चुकलो आहे.