निळे लिफाफे



आमचं गाव रायस्वाइक. हेग शहराला इतकं चिकटलेलं की ट्राममध्ये बसलं तर एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं हे कळत नाही. १६९७ साली इथे युरोपातल्या राजांचा मोठा तह झाला. त्याची आठवण म्हणून रानात एक दगडी स्तंभ उभा आहे, लोक त्याला सुई म्हणतात. पण आज आम्ही राजांविषयी लिहीत नाही, आमच्या लेकीच्या लहानशा खाणावळीविषयी लिहितो आहोत.

१५ मार्च २०२०, रविवार. करोनामुळे संध्याकाळी ६ वाजल्यापासून देशातली सगळी उपाहारगृहं बंद. फक्त बांधून नेण्याची मुभा. लेकीकडे आठ टेबलं, दोन नोकर आणि भिजत घातलेले चार किलो छोले! रात्री फोनवर म्हणाली, “आई, उद्या काय करू?” आम्ही आयुष्यभर नर्सचं काम केलं, रोग्याला काय सांगावं ते ठाऊक. धंद्याला काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं.

पण सरकारने खरंच हात दिला, ते मान्य केलं पाहिजे. बंद पडलेल्या धंद्यांना एकरकमी ४,००० युरो मिळाले. जे स्वतःच मालक नि स्वतःच कामगार, त्यांच्यासाठी ‘टोझो’ नावाची योजना निघाली. तिच्यात नगरपालिकेमार्फत घरखर्चासाठी महिना जास्तीत जास्त सुमारे १,५०० युरो मिळत. एरवी अशी मदत देण्याआधी धंदा तगेल की नाही हे तपासतात, त्या वेळी तेवढी तपासणी बाजूला ठेवली. नोकरांना काढू नये म्हणून पगारासाठी ‘नाऊ’ ही तिसरी योजना.

बाळांनो, हिचा हिशेब नीट समजून घ्या. सगळीच विक्री बुडाली तर शंभर युरो पगारामागे सरकार ९० देणार. अर्धी बुडाली तर ४५. पण किती बुडेल ते आधी अंदाजाने सांगायचं, आणि त्या अंदाजावर ८० टक्के आगाऊ मिळायचे. लेकीने घाबरून सांगितलं, ९० टक्के बुडेल. म्हणजे शंभरामागे ८१, त्यातले सुमारे ६५ हाती आले. पुढे रायस्वाइकच्या लोकांनी डबे बांधून नेले, शेजारी मुद्दाम येऊन समोसे घेऊन गेले, आणि तोटा निम्म्यावरच थांबला. म्हणजे हक्क ४५ चा. उरलेले २० परत! चूक कोणाची नव्हती, अंदाजच तो.

खरी गोष्ट पुढेच आहे. कर भरायलाही सरकारने सवलत दिली होती, आत्ता नको, नंतर भरा. इथे कर खात्याची पत्रं निळ्या लिफाफ्यातून येतात. लेक ते लिफाफे न फोडता गल्ल्याखालच्या खणात टाकत गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही खाणावळीत कांदे चिरायला गेलो, सुरी शोधताना तो खण उघडला. निळाच निळा! लेक जी रडायला लागली ती थांबेना. “आई, तुम्हाला तोंड कसं दाखवू? सरकारचं खाऊन बसले.”

आम्हाला आमचे आजोबा आठवले. अलिबागजवळ त्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद, म्हणून गाव आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणायचं, हे तुम्ही जाणताच. एका वर्षी त्यांचा बैल मेला. सरकारची तगाई शेतकऱ्याला मिळायची, तेल्याला कोण देणार? सावकाराकडे आजीच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आजोबांनीही ते कोणाला सांगितलं नव्हतं. आजीच्या रिकाम्या हातांवरून घरात कळलं.

लेकीला हे सांगितलं, आणि टेबलावर बसून आम्ही दोघींनी एकेक लिफाफा फोडला. आमचे हे शेजारी बसून तारखेप्रमाणे लावत होते. थकलेला कर १ ऑक्टोबर २०२२ पासून ६० मासिक हप्त्यांत फेडायचा होता, म्हणजे २०२७ पर्यंत. आकडा मोठा होता, पण साठाने भागल्यावर तो माणसाच्या आवाक्यातला झाला. न फोडलेल्या लिफाफ्यांतली रक्कम मात्र तिला रोज रात्री वाढलेली दिसत होती.

लेकीने चार टेबलं काढून टाकली, अर्धी जागा सोडली, डब्यांवर भर दिला. एक नोकर आपणहून दुसरीकडे गेला, दुसरी बाई आजही आहे. सगळ्यांना असं जमलं नाही. २०२१ मध्ये या देशात दिवाळखोऱ्या तीस वर्षांत सर्वांत कमी झाल्या होत्या, पुढे मदत संपली, हप्ते सुरू झाले आणि त्या पुन्हा वाढल्या. सलाईन लावलं की रोगी टवटवीत दिसतो. तो बरा झाला की नाही हे सलाईन काढल्यावर कळतं.

ठाण्याला आमच्या जुन्या शेजारणीचा मुलगा चहाची गाडी लावतो. त्याने २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी निघालेल्या स्वनिधी योजनेतून १०,००० रुपये कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं आणि मग पुढचे २०,००० मिळवले. फोनवर अभिमानाने सांगत होता. आमच्या लेकीला तेच सांगायची लाज वाटली. कर्ज दोघांनीही घेतलं, दोघांनीही कामासाठीच घेतलं.

म्हणून वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलं बोलत नसतील तर सुट्टीत त्यांच्या दुकानी कांदे चिरायला जा. आणि बाळांनो, पत्र आलं की त्याच दिवशी फोडा. आत वाईट बातमी असली तरी ती वाचायला आई-बाबांना बोलवा. आम्ही चष्मा घेऊन येतो!